एल-७० विमानवेधी तोफ : साठ वर्षांच्या सेवेनंतरचे परीक्षण

८ मे २०२५ च्या रात्री जम्मू, पठाणकोट आणि अमृतसरच्या काळोख्या आकाशात लालसर ठिपक्यांच्या रांगा एकामागून एक वर चढत होत्या आणि ती दृश्ये महाराष्ट्रातल्या घराघरांतही मध्यरात्र उलटून गेल्यावर पाहिली जात होती. २२ एप्रिलला पहलगामला मारल्या गेलेल्या २६ जणांत डोंबिवली, पनवेल आणि पुण्याचे मिळून सहा जण होते. त्यामुळे त्या रात्री इकडेही पुष्कळांना झोप लागली नाही. ते ठिपके म्हणजे विमानवेधी तोफांतून सुटणारे, वाटेत उजळत जाणारे ट्रेसर गोळे होते आणि नंतरच्या दिवसांत त्या तोफांपैकी एकीचे नाव वारंवार ऐकू आले : एल-७०. जिचा मूळ आराखडा दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या काही वर्षांतला आहे, ती तोफ २०२५ मध्ये ड्रोन पाडण्याच्या कामी आली, याचे काहींना नवल वाटले, काहींना अभिमान वाटला आणि काहींना काळजी वाटली. या तिन्ही भावनांना आधार आहे. म्हणूनच तिच्याकडे सैन्याने बाळगलेली एक वस्तू म्हणून पाहावे, तिच्याकडून कोणते काम होते, कोणते होत नाही आणि ती कोणाच्या सोबतीने वापरावी लागते हे नीट तपासावे, असे मला वाटले.

माझे थोरले काका सातारा जिल्ह्यातून सैन्यात गेले आणि निवृत्तीपर्यंत विमानवेधी तोफखान्यातच राहिले. त्यांच्याकडून ऐकलेल्या दोन-तीन गोष्टी पुढे येतील. बाकी सारे विवेचन जाहीर झालेल्या माहितीवर आणि साध्या अंकगणितावर उभे आहे.

प्रथम नावाविषयी. या तोफेच्या नळीचा व्यास ४० मिलिमीटर आहे आणि नळीची लांबी त्या व्यासाच्या ७० पट, म्हणजे २ मीटर ८० सेंटिमीटर आहे. ७० हा आकडा तिथून आला. ही तोफ स्वीडनमधल्या बोफोर्स कंपनीची. बोफोर्स म्हटले की आपल्याकडे १९८७ मध्ये गाजलेले खरेदी प्रकरण आणि नंतर कारगिलच्या डोंगरांवर धडधडलेली १५५ मिलिमीटरची तोफ आठवते, पण ती जमिनीवरच्या लक्ष्यांवर दूरचा मारा करणारी तोफ आहे आणि तिचा एल-७० शी कारखान्यापलीकडे संबंध नाही. एल-७० ही १९३० च्या दशकातल्या एल-६० या तोफेची धाकटी बहीण. एल-६० दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांनी, अगदी परस्परांच्या शत्रूंनीही, वापरली. युद्ध संपता संपता जेट विमाने आली, त्यांच्या वेगापुढे एल-६० अपुरी पडू लागली आणि अधिक लांब नळीची, अधिक दारू भरलेल्या गोळ्याची आणि दुप्पट वेगाने मारा करणारी एल-७० तयार झाली. नाटोने तिला आपली प्रमाण तोफ मानले. भारताने ती १९६० च्या दशकात घ्यायला सुरुवात केली, पुढे ती देशातही बनू लागली आणि सैन्याकडच्या अशा तोफांची संख्या हजाराच्या पुढे गेली.

तिचा गोळा नळीतून सेकंदाला साधारण १ किलोमीटर या वेगाने सुटतो. मूळ तोफ मिनिटाला २४० गोळे झाडत असे, पुढच्या आवृत्त्या ३०० झाडतात. परिणामकारक पल्ला साडेतीन ते चार किलोमीटरचा धरला जातो. गोळे चार-चारच्या क्लिपमध्ये येतात आणि तोफेच्या मागच्या चौथऱ्यावर उभे असलेले जवान ते हाताने भरतात. मिनिटाला ३०० गोळे म्हणजे सेकंदाला पाच. तेव्हा चार गोळ्यांची एक क्लिप एका सेकंदाच्या आत संपते. काका म्हणत, क्लिप चढवणाऱ्याचा हात थांबला की तोफ मुकी. ओडिशातल्या गोपाळपूरला, जिथे सैन्याच्या हवाई संरक्षण दलाचे प्रशिक्षण चालते, समुद्रावरून विमानामागे ओढल्या जाणाऱ्या कापडी लक्ष्यावर ते नेमबाजी करत आणि त्या सरावात नेम धरणाऱ्याइतकेच लक्ष भरणाऱ्याच्या हातांच्या लयीकडे दिले जाई.

आता मुख्य प्रश्न. अशी तोफ मधल्या काळात मागे का पडली आणि आज पुन्हा पुढे का आली? याचे उत्तर गोळ्याला लागणाऱ्या वेळेत आहे. हवेच्या रोधामुळे गोळ्याचा वेग वाटेत घटत जातो. तीन किलोमीटरवर पोहोचायला त्याला पाचेक सेकंद लागतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे लढाऊ विमान तेवढ्या पाच सेकंदांत सव्वा किलोमीटर पुढे सरकते. म्हणजे तोफचीने विमानावर नव्हे, तर विमानाच्या सव्वा किलोमीटर पुढच्या रिकाम्या हवेवर नेम धरायचा आणि त्या पाच सेकंदांत वैमानिकाने जराही वळण घेऊ नये अशी आशा बाळगायची. वैमानिक अर्थातच वळतो. त्यातून लढाऊ विमाने दूरवरून अस्त्रे सोडू लागली आणि चार किलोमीटरच्या वर्तुळात येण्याची त्यांना गरजच उरली नाही. क्षेपणास्त्र मात्र वाटेत दिशा बदलू शकते, विमानाचा पाठलाग करू शकते. म्हणून पुढची पन्नास वर्षे जगभरच्या सैन्यांनी हवाई संरक्षणाचा पैसा मुख्यतः क्षेपणास्त्रांकडे वळवला आणि त्या काळाच्या शत्रूकडे पाहता तो निर्णय योग्यच होता.

हेच गणित इराणी बनावटीच्या, लक्ष्यावर जाऊन आदळणाऱ्या शाहेद-१३६ जातीच्या ड्रोनला लावून पाहा. त्याचा वेग ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास. पाच सेकंदांत ते अडीचशे मीटर जाते, ठरलेल्या वाटेने जाते आणि आपल्यावर गोळे येत आहेत हे त्याला कळतही नाही. लढाऊ विमानापुढे हतबल झालेली तोफ या लक्ष्यापुढे पुन्हा समर्थ ठरते. तोफ तीच आहे, शत्रू मंद झाला आहे; आणि मंद असूनही तो धोकादायक आहे, कारण तो स्वस्त आहे.

किमतीचा हा मुद्दा आधुनिक हवाई युद्धाच्या केंद्रस्थानी आला आहे आणि तो जितका गांभीर्याने घ्यावा तितका आपल्या चर्चेत घेतला जात नाही. एका शाहेदची किंमत २० ते ५० हजार डॉलरच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण प्रणालीचे एक अद्ययावत क्षेपणास्त्र ४० लाख डॉलरच्या आसपास पडते. शंभर ड्रोन पाडायला शंभर महागडी क्षेपणास्त्रे खर्ची घातली, तर प्रत्येक ड्रोन पडूनही युद्ध हरता येते, कारण साठा संपतो आणि नंतर येणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रासाठी काहीच उरत नाही. युक्रेनने हे २०२२ च्या शरद ऋतूपासून प्रत्यक्ष अनुभवले. १० सप्टेंबर २०२५ ला पहाटे रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले, तेव्हा त्यांच्यावर एफ-३५ सारखी विमाने पाठवावी लागली आणि जमिनीवर सापडलेल्या अवशेषांत फोम आणि प्लायवूडची गेर्बेरा ड्रोनही होती. अशा लक्ष्यावर तोफेचे दहा-वीस गोळे खर्च झाले, तर तो व्यवहार परवडतो. क्षेपणास्त्राचा व्यवहार फार दिवस परवडत नाही.

आता भारतीय सैन्याकडची सुधारलेली आवृत्ती. जुन्या तोफेवर भारत इलेक्ट्रॉनिक्सने विजेवर चालणारी यंत्रणा, दिवसा पाहणारा कॅमेरा, अंधारात उष्णतेवरून लक्ष्य दाखवणारा थर्मल इमेजर, अंतर मोजणारा लेझर, लक्ष्याचा आपोआप माग ठेवणारी संगणक प्रणाली आणि प्रत्येक गोळा नळीतून नेमक्या किती वेगाने सुटला हे मोजणारे छोटे रडार बसवले. हे शेवटचे साधन वरवर किरकोळ वाटेल, पण त्याचे मोल मोठे आहे. नळी झिजत जाते, दारूचे तापमान बदलते, त्यामुळे गोळ्याचा वेग दर वेळी थोडा वेगळा पडतो आणि तीन किलोमीटरवर तो थोडासा फरक संपूर्ण नेम चुकवायला पुरेसा असतो. काकांच्या काळी हा फरक तक्त्यांवरून आणि अनुभवावरून भरून काढत. आता तोफ स्वतःच तो मोजते आणि पुढच्या गोळ्यांसाठी नेम दुरुस्त करते. गलवानच्या संघर्षानंतर, २०२१ मध्ये, या सुधारलेल्या तोफा अरुणाचलच्या डोंगरांत चीनच्या सीमेवरही नेऊन ठेवण्यात आल्या होत्या.

या सुधारणेत आणखी एक गुण आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. कॅमेऱ्यावर आणि थर्मल इमेजरवर नेम धरणारी तोफ स्वतः रडारचे तरंग सोडत नाही, म्हणून ती शत्रूच्या कानाला ऐकू येत नाही. याचे महत्त्व समजण्यासाठी जून १९८२ मधली लेबनॉनची बेका खोऱ्यातली लढाई आठवावी लागते. इस्रायलने आधी आमिष म्हणून मानवरहित विमाने पाठवली, सीरियाच्या क्षेपणास्त्र तुकड्यांनी त्यांच्यावर रडार रोखले आणि रडार सुरू होताच त्यांच्या जागा उघड पडल्या. ९ जूनच्या त्या एका दिवशी १९ पैकी १७ तुकड्या नष्ट झाल्याचे सांगितले जाते. २०२० च्या नागोर्नो-काराबाखच्या ४४ दिवसांच्या युद्धात अझरबैजानने हीच युक्ती जुनाट अँटोनोव्ह-२ विमानांना मानवरहित करून वापरली आणि आर्मेनियाच्या हवाई संरक्षणाने डोके वर काढताच त्यावर ड्रोनने घाला घातला. मे २०२५ मध्ये पाकिस्तानकडून आलेल्या ड्रोनांच्या लाटेचा हेतू आपली हवाई संरक्षण यंत्रणा चाचपून पाहणे आणि गुप्त माहिती गोळा करणे हा असावा, असे भारतीय सैन्याच्या प्रवक्त्यांनी तेव्हाच सांगितले होते. अशा वेळी सर्वांत मौल्यवान रडार आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे गप्प ठेवून आमिषे तोफांकडून पाडून घेणे ही फार शहाणपणाची चाल असते.

मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत नेमके काय झाले? भारतीय सैन्याच्या निवेदनानुसार ८ आणि ९ मेच्या दरम्यानच्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन आले; त्यांतील काही तुर्कस्तानी बनावटीचे सोनगार असल्याचे प्राथमिक तपासात दिसले. त्यांना तोंड द्यायला एल-७० होती, २३ मिलिमीटरच्या झू-२३ आणि शिल्का या तोफा होत्या, आकाश क्षेपणास्त्रे होती आणि ड्रोनचा दुवा तोडणारी जॅमिंगची साधनेही होती. नंतर अमृतसरमध्ये पत्रकारांना दाखवलेल्या प्रात्यक्षिकात एल-७० आणि आकाश यांना शेजारी शेजारी मान मिळाला. १२ मेच्या पत्रकार परिषदेत लष्करी कारवाईचे महासंचालक लेफ्टनंट जनरल राजीव घई यांनी हवाई संरक्षणाचे थर समजावताना १९७० च्या दशकातल्या ऑस्ट्रेलियाच्या लिली आणि थॉमसन या जलदगती जोडीचे उदाहरण दिले होते. एकाकडून सुटलेला फलंदाज दुसऱ्याच्या तावडीत सापडे. ते उदाहरण मला अगदी समर्पक वाटले, कारण एल-७० चे खरे स्थान त्यातून कळते. ती या संघातली शेवटच्या थराची खेळाडू आहे. तिच्याआधी लांब पल्ल्याची एस-४०० क्षेपणास्त्र प्रणाली आहे, त्यानंतर मध्यम पल्ल्याची बराक क्षेपणास्त्रे, मग आकाश, आणि या सगळ्यांतून जे निसटते किंवा ज्याच्यावर ती अस्त्रे खर्चणे परवडत नाही, ते तोफेच्या वाट्याला येते.

तोफेची स्तुती करताना इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. एकटी एल-७० जवळजवळ आंधळी आहे. तिच्यावरचा कॅमेरा आकाशाचा लहानसा तुकडा पाहतो. ड्रोन कोणत्या दिशेने, किती उंचीवरून आणि कधी येणार हे तिला दुसऱ्या कोणी तरी सांगावे लागते. चार किलोमीटरच्या पल्ल्यात शिरलेले ताशी १८५ किलोमीटर वेगाचे ड्रोन तोफेपर्यंत पोहोचायला सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ घेते. त्या सव्वा मिनिटात ते शोधणे, ओळखणे, आपले नव्हे ना याची खात्री करणे, नेम धरणे आणि पाडणे हे सारे व्हायला हवे. १४ सप्टेंबर २०१९ ला सौदी अरेबियातल्या अबकैक आणि खुरैस या तेलकेंद्रांवर ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला, दिवसाला ५७ लाख पिंप तेलाचे उत्पादन बंद पडले, आणि उपग्रह छायाचित्रे पाहणाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले की अबकैकच्या रक्षणासाठी ३५ मिलिमीटरच्या विमानवेधी तोफा तिथे उभ्या होत्या. तोफा होत्या, गोळेही असतील. योग्य क्षणी योग्य दिशेची सूचना मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचली नसावी.

म्हणून या परीक्षणात मी तोफेच्या पाठीमागच्या जाळ्याला तोफेइतकेच गुण देतो. हवाई दलाची आयएसीसीएस ही यंत्रणा आणि सैन्यासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेली आकाशतीर, जिचा १,९८२ कोटी रुपयांचा करार मार्च २०२३ मध्ये झाला, या दोन्ही मिळून वेगवेगळ्या रडारांनी पाहिलेले आकाश एकाच चित्रात आणतात आणि कोणत्या लक्ष्यावर कोणते अस्त्र चालवायचे याचा निर्णय खालच्या पातळीपर्यंत झटपट पोहोचवतात. पूर्वी हेच काम आवाजी संदेशांवर चाले. टेलिफोनवर कोणी तरी दिशा सांगायची, दुसऱ्याने ती कागदावर उतरवायची आणि तोपर्यंत विमान डोक्यावरून गेलेले असायचे, असे काका सांगत तेव्हा त्यांच्या आवाजात अजूनही चरफड असे. एल-७० ने मे २०२५ मध्ये कमावलेल्या नावात या जाळ्याचा वाटा मोठा आहे आणि तोफेचे कौतुक करताना तो विसरला, तर पुढच्या खरेदीत चुकीच्या गोष्टीवर पैसा खर्च होण्याचा धोका आहे.

आता उणिवा, आणि त्या थोड्या नाहीत.

पहिली उणीव गोळ्याची आहे. साधा उच्चस्फोटक गोळा लक्ष्यावर प्रत्यक्ष आदळला तरच त्याला इजा करतो. पंख मीटर-दीड मीटरचे असलेल्या ड्रोनवर अडीच-तीन किलोमीटरवरून तसा गोळा नेमका बसणे अवघड आहे. कितीही चांगला संगणक असला तरी वाऱ्याची झुळूक आणि नळीचा कंप यांमुळे गोळे थोडे विखुरतातच. लक्ष्याजवळून जाताना स्वतःहून फुटणारा गोळा हा यावरचा उपाय. बोफोर्सने ४० मिलिमीटरच्या तोफेसाठी जवळिकीने फुटणारे गोळे १९७० च्या दशकातच आणले होते आणि नंतर नळीतून सुटण्याआधी कुठे फुटायचे हे सांगता येणारा प्रोग्रॅम करता येण्याजोगा गोळाही आणला. स्विस बनावटीच्या ३५ मिलिमीटरच्या तोफांसाठी असलेला अशाच प्रकारचा एक गोळा लक्ष्याच्या अलीकडे फुटून टंगस्टनचे १५२ तुकडे पुढे फेकतो. ड्रोनच्या वाटेत असा तुकड्यांचा पडदा उभा करणे आणि एकेका ठोस गोळ्याने त्याला गाठू पाहणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तोफेवर कितीही कॅमेरे बसवले, तरी गोळा जुनाच राहिला तर सुधारणा अर्धीच राहते, असे माझे ठाम मत आहे. म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे आणि एल-७० चे गोळे तिच्या उत्पादनांत आहेत. स्मार्ट गोळ्याचे पुरेसे उत्पादन हे काम तिच्या यादीत सर्वांत वर असावे असे मला वाटते.

गोळ्यांच्या पुरवठ्याचा धडा युक्रेनकडून घेण्याजोगा आहे. जर्मनीने जुलै २०२२ पासून युक्रेनला गेपार्ड या रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवलेल्या ३५ मिलिमीटरच्या दुहेरी तोफा दिल्या. त्या शाहेदविरुद्ध अतिशय यशस्वी ठरल्या. पण त्यांचे गोळे स्वित्झर्लंडमध्ये बनलेले होते आणि तटस्थतेच्या धोरणाकडे बोट दाखवून स्वित्झर्लंडने ते युक्रेनला पुढे पाठवायला परवानगी नाकारली. अखेर जर्मनीतल्या ऱ्हाइनमेटाल कंपनीला उत्पादन नव्याने सुरू करावे लागले. करार फेब्रुवारी २०२३ मध्ये झाला आणि पहिली खेप सप्टेंबरमध्ये निघाली. मधल्या काळात नामांकित तोफा मोजून मोजून गोळे झाडत होत्या. एल-७० च्या बाबतीत गोळा देशातच बनतो ही तिची मोठी जमेची बाजू आहे, आणि नव्या प्रकारच्या गोळ्यासाठी परदेशावर अवलंबून राहिलो तर ती बाजू आपण गमावून बसू. लिथुआनियाने २०२३ च्या सुरुवातीला युक्रेनला ३६ एल-७० तोफा दिल्या, तेव्हा त्यांच्यासोबत गोळेही दिले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी उणीव व्याप्तीची. साडेतीन-चार किलोमीटरच्या पल्ल्याची तोफ एखादा पूल, रडारचे ठाणे किंवा दारूगोळ्याचे कोठार राखू शकते. शहर राखू शकत नाही. केवळ एका धावपट्टीची लांबी तीन किलोमीटरपर्यंत असते, तेव्हा एका विमानतळाभोवती सर्व दिशांनी कडे करायचे म्हटले तरी अनेक तोफा, त्यांची माणसे, जनित्रे आणि गाड्या लागतात. एल-७० ट्रकमागे ओढून न्यावी लागते; रणगाड्यांच्या तुकडीसोबत धावत धावत मारा करणे तिच्या स्वभावात नाही. त्या कामासाठी स्वतःच्या गाडीवर बसवलेल्या शिल्का आणि तुंगुस्का आहेत, आणि गेपार्डला तुलनेत मिळणारे अधिक गुण याच कारणासाठी आहेत.

तिसरी उणीव सामान्य माणसाच्या जिवाशी निगडित आहे. वर गेलेले लोखंड खाली येते. हुकलेला गोळा ठरावीक सेकंदांनी स्वतःहून फुटतो, पण त्याचे तुकडे आणि पाडलेल्या ड्रोनचा सांगाडा कुठे तरी पडतोच. ९ मेच्या रात्री फिरोजपूर जिल्ह्यातल्या खाई फेमे की या गावात एका घरावर ड्रोन कोसळून आग लागली, एकाच कुटुंबातले तिघे होरपळले आणि त्यांतील महिला पुढे उपचार चालू असताना दगावली. त्या दिवसांत आलेल्या ड्रोनांपैकी बहुतेक सारे निकामी झाले हे खरे आणि कौतुकास्पद आहे. त्या एका घरासाठी मात्र टक्केवारीला अर्थ नाही. लोकवस्तीवर तोफांचा मारा करायचा असेल तर ब्लॅकआउट, भोंगे आणि पक्क्या छताखाली जाण्याची सवय यांची तयारी हा हवाई संरक्षणाचाच भाग मानला पाहिजे. ७ मेला देशभर झालेल्या सरावात महाराष्ट्रातही भोंगे वाजले. तो सराव वर्षातून एकदा तरी व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

चौथी गोष्ट माणसांची. हाताने भरली जाणारी तोफ माणसांच्या दमावर चालते. ड्रोनांच्या लाटा रात्रीमागून रात्री येतात, त्या जाणूनबुजून पहाटेच्या वेळी येतात, आणि तिसऱ्या रात्री क्लिप उचलणाऱ्या हातांची लय पहिल्या रात्रीसारखी राहत नाही. जुन्या तोफेचा हा खर्च कोणत्याही किमतीच्या तक्त्यात दिसत नाही. नव्या आरेखनात गोळे आपोआप भरले गेले, तर तेवढ्याच माणसांत दोन पाळ्या लावता येतील.

तरीही, आज एखाद्याने मला विचारले की या तोफा मोडीत काढाव्यात का, तर माझे उत्तर निःसंदिग्ध नकाराचे असेल. त्या आपल्याकडे आहेत, त्यांचे पैसे कधीच फिटले आहेत, त्यांचे सुटे भाग आणि गोळे देशात बनतात, त्या चालवणारी प्रशिक्षित माणसे आहेत आणि त्यांच्या योग्यतेचा शत्रू पुन्हा आकाशात आला आहे. क्षेपणास्त्राच्या एका तुकडीच्या खर्चात अशा कितीतरी तोफा सुधारून होतील. मात्र त्या क्षेपणास्त्रांची जागा घेतील असे समजणे घातक ठरेल. १३ आणि १४ एप्रिल २०२४ च्या रात्री इराणने इस्रायलवर सुमारे १७० ड्रोन, ३० क्रूझ आणि १२० बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे एकत्र सोडली. त्या मिश्रणातल्या ड्रोनांसमोर तोफ उपयोगी आहे, क्रूझ क्षेपणास्त्रासमोर नशिबाची साथ असेल तरच, आणि बॅलिस्टिक क्षेपणास्त्रासमोर तिचा काहीच उपयोग नाही. हल्लेखोर मुद्दामच असे मिश्रण करतो, म्हणजे बचाव करणाऱ्याने स्वस्त लक्ष्यांवर महाग अस्त्रे उधळावीत आणि महाग लक्ष्ये आत यावीत. त्याचा हा डाव मोडायला स्वस्त लक्ष्य स्वस्त अस्त्रानेच पडले पाहिजे, आणि त्या एका कामात एल-७० ला आज आपल्याकडे फारसा पर्याय नाही.

१५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सुदर्शन चक्र या मोहिमेची घोषणा केली आणि २०३५ पर्यंत देशातल्या महत्त्वाच्या ठिकाणांना संरक्षणाचे कवच देण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्या कवचात एल-७० ची जागा घेणारी नवी तोफही यथावकाश येईल. तिची चाचणी घेताना निरभ्र दुपारी, एका दिशेने, एकामागून एक येणारी लक्ष्ये पाडून दाखवली एवढ्यावर तिला स्वीकारू नये, अशी माझी विनंती आहे. चाचणी हिवाळ्यातल्या पंजाबच्या धुक्यात व्हावी, जिथे कॅमेरा आणि लेझर दोन्ही मंदावतात; लक्ष्ये चार दिशांनी एकाच वेळी यावीत, त्यांत निम्मी आमिषे असावीत; तिला सूचना देणारे रडार मध्येच बंद पाडावे; आणि हे सारे पहाटे चारला, सलग तिसऱ्या रात्री जागलेल्या तुकडीकडून करवून घ्यावे. शेजारी एक एल-७० ही उभी करावी, तिलाही तेच गोळे आणि तीच लक्ष्ये द्यावीत आणि दोघींचे पाडाव मोजावेत.